पत्रात नाही ते पाकिटावर: लष्करी टपालाचा संग्रह सुरू करताना

माझ्या संग्रहातलं पहिलं पाकीट मी स्वतःच बिघडवलं. आजोळच्या माळ्यावरच्या ट्रंकेत ते सापडलं होतं. वर पाचव्या जॉर्जचं तिकीट, तिकिटावर काळ्या शाईत छापलेली तीन अक्षरं, आय.ई.एफ., म्हणजे ‘इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्सेस’, परदेशी मोहिमेवर गेलेल्या हिंदुस्थानी फौजा. मी आठवीत होतो आणि तिकिटं जमवत होतो. त्यामुळे कोमट पाणी, परात, पंधरा मिनिटं, आणि तिकीट सुटून वर तरंगायला लागलं. ते तिकीट आजही माझ्याकडे आहे. पाकिटाचा ओला लगदा आजीनं बंबात घातला. ते कुठल्या फील्ड पोस्ट ऑफिसातून, म्हणजे फौजेबरोबर फिरणाऱ्या पोस्टातून निघालं, कुणी पाठवलं, गावात कधी पोचलं हे आता कळायची सोय नाही. ते तिकीट बाजारात सहज मिळतं. ते पाकीट मिळणार नाही.

म्हणून या छंदात पहिला नियम: काही सोडवू नका, कापू नका, भिजवू नका. तिकीट पाकिटावर, पत्र पाकिटासोबत, आणि पत्रासोबत फोटो, मनीऑर्डरची पावती, वाळलेलं फूल असं काही असेल तर तेही तिथेच.

यामागे कारण आहे. लढाईवर गेलेल्या शिपायाला आपण कुठे आहोत हे लिहायची मुभा नव्हती. गावाचं नाव, नदीचं नाव, पलटण कुठे निघाली, काहीही लिहिलं तर सेन्सॉर खोडून टाकायचा. पत्रात मग उरायचं काय? खुशाली, पाऊसपाणी, बैल विकला का, धाकट्याला शाळेत घातलं का. नवखा माणूस असं पत्र वाचून हिरमुसतो. पण जे पत्रात लिहायला बंदी होती ते बऱ्याचदा पाकिटावर असतं: शिक्क्यातल्या आकड्यात, तारखेत, सेन्सॉरच्या सहीत. पाकीट आणि पत्र शेजारी ठेवून वाचलं की दोन्ही बोलायला लागतात.

आधी हद्द ठरवा

‘लष्करी टपाल’ म्हणून दिसेल ते घेत सुटलात तर दोन वर्षांत खोके भरतील आणि हाती काही लागणार नाही. एक पलटण, एक मोहीम किंवा एक तालुका धरा. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, रायगड, नगर या भागांतल्यांना तालुका धरणं सोपं जातं, कारण माणसं सापडतात.

निवड करण्यापुरता इतिहास पाहू. ब्रिटनमध्ये १७९५ च्या कायद्यानं साध्या शिपायाला आणि खलाशाला एका पेनीत पत्र पाठवायची सवलत मिळाली. अट अशी की पाकिटावर त्याचं नाव, पलटण आणि वरच्या अधिकाऱ्याची सही हवी. अधिकाऱ्यांना ही सवलत नव्हती. त्यामुळे त्या काळच्या अशा पत्रावर पाठवणाऱ्याची ओळख बाहेरच लिहिलेली मिळते. संग्राहकाला याहून काय हवं?

हिंदुस्थानी फौजेबरोबर व्यवस्थित फील्ड पोस्ट ऑफिस गेलं ते १८५६ साली, इराणच्या आखातातल्या बुशहरच्या मोहिमेवर. ही मोहीम मुंबई बंदरातून निघाली होती. पुढे १८६७-६८ मध्ये जनरल नेपियरची फौज, तीही मुंबईहून, आजच्या इथिओपियात, म्हणजे तेव्हाच्या अॅबिसिनियात उतरली. तिथल्या टपालात हिंदुस्थानचीच तिकिटं चालत आणि रद्द करायच्या शिक्क्यात, रेघांच्या चौकटीत, एफ.एफ. अशी अक्षरं असत. म्हणजे ‘फील्ड फोर्स’. १९०० साली चीनवर गेलेल्या फौजेसाठी तिकिटांवर सी.ई.एफ., म्हणजे ‘चायना एक्स्पिडिशनरी फोर्स’, छापलं गेलं. हे सगळं देखणं आहे, पण महाग आहे, आणि नकलाही पुष्कळ आहेत. सुरुवात इथून करू नका.

मराठेशाहीतल्या छावण्यांतली पत्रं हा निराळाच प्रांत. तिथे पोस्ट नव्हतं, पत्रं पोचवणारे कासीद आणि जासूद होते. तो कागद विकत घेण्याच्या भानगडीत नवख्यानं पडू नये. तो वाचावा. पेशवे दफ्तरातले निवडक कागद इतिहासकार गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले गेले आहेत. ‘छ’ लिहून दिलेला चंद्र, म्हणजे मुसलमानी चांद्र महिन्यातली तारीख, आणि अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेलं सुहूर सन हे वर्ष, यांची ओळख तिथे फुकटात होते.

नवख्यासाठी मी दोन जागा सुचवेन.

पहिली, १९१४ ते १९१८. परदेशी गेलेल्या हिंदुस्थानी फौजांना अक्षरं दिलेली होती. ए म्हणजे फ्रान्स, बी आणि सी पूर्व आफ्रिका, डी मेसोपोटेमिया (आजचा इराक), ई आणि एफ इजिप्त, जी तुर्कस्तानातलं गॅलिपोली. मराठी घरांतून निघणारं टपाल बऱ्याचदा ‘डी’चं असतं, कारण मराठा पलटणी मोठ्या संख्येनं बसऱ्याला उतरल्या होत्या. मेसोपोटेमियातल्याच कूतला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात सापडलेली सहावी डिव्हिजन पुण्याची होती आणि तिच्यात १०३ वी आणि ११० वी मराठा या पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली. हे पाठ करून ठेवा, उपयोगी पडतं. कूतमधून फेब्रुवारी १९१६ मध्ये नेहमीच्या डाकेनं निघालेलं म्हणून कुणी पाकीट दाखवलं तर आधी हात मागे घ्या आणि मग प्रश्न विचारा. वेढ्यातून डाक निघणार कशी? त्यानंतरचं, तुर्कांच्या कैदेतून आलेलं टपाल मात्र खरं असू शकतं. त्यावर तुर्की बाजूचे शिक्के शोधा.

दुसरी जागा स्वातंत्र्यानंतरची. इथे पैसे कमी लागतात आणि शिकायला पुष्कळ मिळतं. १९५३ मध्ये युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी आपली फौज कोरियात गेली. तिच्यासाठी तिकिटांवर देवनागरीत छापलं होतं: ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’. ‘कटक’, म्हणजे फौज, हा शब्द तिकिटावर पाहिला तेव्हा मी एकटाच बराच वेळ हसत होतो. जुन्या बखरीतून उठून तो थेट कोरियात गेला! या फौजेचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात आपल्या कोल्हापूरकडचे. पाठोपाठ व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया इथल्या आंतरराष्ट्रीय आयोगांसाठी, आणि पुढे गाझा आणि काँगोसाठीही अशी छापील तिकिटं निघाली.

दुसऱ्या महायुद्धातलं टपाल या दोन्हींच्या मध्ये बसतं. आधी एरिट्रियातलं केरेन, मग इटली. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोन्ही व्हिक्टोरिया क्रॉसवाल्यांच्या मराठा बटालियन इटलीत होत्या, १९४४-४५ मध्ये. माल भरपूर आहे. पण फील्ड पोस्ट ऑफिसं सतत जागा बदलत. त्यामुळे एकच आकडा जानेवारीत एका देशात आणि जूनमध्ये दुसऱ्या देशात असू शकतो. आकडा तारखेशिवाय वाचायचा नाही.

पाकीट हातात आल्यावर

घाई करू नका. चांगल्या उजेडात, दहापट भिंग घेऊन बसा आणि वहीत या क्रमानं उतरवा.

पुढची बाजू. डाव्या वरच्या कोपऱ्यात ‘ऑन अॅक्टिव्ह सर्व्हिस’ असं लिहिलेलं किंवा छापलेलं आहे का? असेल तर पत्र फुकट गेलं. मग फील्ड पोस्ट ऑफिसच्या गोल शिक्क्यातला आकडा आणि तारीख. मग सेन्सॉरचा शिक्का आणि त्याशेजारची सही. ही सही बहुधा त्याच पलटणीतल्या अधिकाऱ्याची असते, म्हणून ती पलटणीची खरी ओळख देते. मग पत्ता: मु., पो., ता., जि. मुलूख कोणता ते इथे नक्की होतं.

मागची बाजू. इथे आपल्या पोस्टाचा पोचल्याचा शिक्का शोधा. पत्रावरची तारीख, फील्ड पोस्टाची तारीख आणि गावच्या पोस्टाची तारीख, या तिन्ही एका रेषेत मांडा. पहिल्या दोनांत फार अंतर असेल तर पत्र सेन्सॉरकडे पडून राहिलं असेल, किंवा पलटण हलली असेल. दुसरी आणि तिसरी यांतलं अंतर म्हणजे बोटीचा प्रवास. अशी दहा पाकिटं मांडलीत की अकराव्यात काही खोट असेल तर ती नजरेला खुपते.

आता तिकिटाचा सापळा. नवख्याला वाटतं, भरपूर तिकिटं म्हणजे भारी पाकीट. लष्करी टपालात बऱ्याचदा उलटं असतं. शिपायाचं साधं पत्र फुकट जायचं, त्यावर तिकीट नसायचंच. तिकिटं लागायची रजिस्टर पत्राला आणि पार्सलाला. १९१४ च्या आय.ई.एफ. छपाईत तीन पैपासून एक रुपयापर्यंत दहा किमती होत्या. त्या दहाच्या दहा एकाच पाकिटावर ओळीनं डकवलेल्या दिसल्या तर ते शिपायानं आईला पाठवलेलं पत्र नव्हे. कुणा हौशी माणसानं संग्रहासाठीच करून घेतलेली ती वस्तू आहे. ती खोटी असतेच असं नाही, पण पत्र म्हणून मी तिला किंमत देत नाही. बिनतिकिटाचं, मळकं, घामाचा डाग पडलेलं पाकीट मला जास्त आवडतं. विकणाऱ्यांना हे अजून नीट उमगलेलं नाही, हेही त्यामागचं एक कारण.

छापील कार्डंही ओळखायला शिका. पहिल्या महायुद्धात एक कार्ड वाटलं जायचं. त्यावर वाक्यं आधीच छापलेली असत: मी बरा आहे, मला इस्पितळात दाखल केलं आहे, तुमचं पत्र मिळालं. नको ती वाक्यं खोडायची आणि खाली सही व तारीख टाकायची. जास्तीचं काही लिहिलं तर कार्ड फाडलं जाईल, अशी तंबीही त्यावरच छापलेली. अशा कार्डावर वाचायचं असतं ते काय खोडलंय आणि काय ठेवलंय. दुसऱ्या युद्धातला ‘एअरग्राफ’ आणखी वेगळा. मोठ्या फॉर्मवर पत्र लिहायचं, त्याचा फोटो घेऊन फिल्म विमानानं पाठवायची आणि तिकडे त्याची तळहाताएवढी प्रत काढून वाटायची. म्हणजे घरी पोचायचा तो फोटोच. त्यामुळे ‘मूळ नाही, कॉपी आहे’ म्हणून एअरग्राफ टाकून देऊ नका.

पत्र वाचताना

पहिल्या युद्धातल्या कितीतरी शिपायांना लिहिता येत नव्हतं. पत्र पलटणीतला कुणी लिहिणारा लिहायचा, गावात कुणी वाचून दाखवायचा. म्हणून एकाच अक्षरातली तीन वेगळ्या नावांची पत्रं मिळाली तर ती बनावट समजू नका. उलट तो लिहिणारा शोधा. त्याच्या अक्षरावरून तुम्हाला एक अख्खी कंपनी सापडेल.

मराठी पत्रं बऱ्याचदा मोडीत असतात. मोडी आलीच पाहिजे. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीची परीक्षा घेतं, ठिकठिकाणी वर्ग चालतात. तीन-चार महिने रोज अर्धा तास दिला तर घरगुती पत्र लागायला लागतं. दफ्तरी मोडीपेक्षा शिपायाची मोडी सोपी, पण शुद्धलेखन त्याच्या तोंडचं असतं. न लागणारा शब्द मोठ्यानं म्हणून बघा. कोकणातला असेल तर कोकणी हेलात म्हणा.

फ्रान्सहून निघणारं हिंदुस्थानी टपाल बुलोन इथल्या सेन्सॉर कचेरीत तपासलं जायचं. तिथे पत्रांतले उतारे भाषांतर करून अहवालांत घातले गेले. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रं मात्र बहुतेक गेली. त्या अहवालांतूनच कळतं की शिपाई सेन्सॉरला कसे चकवत. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतायत, अशा मजकुरात काळी मिरी म्हणजे आपले शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे. तेव्हा पत्रात अचानक मसाल्याचा, धान्याचा, गुरांचा हिशेब आला तर तो दोनदा वाचा. पण प्रत्येक बैलात गुप्त संदेश शोधू नका. बऱ्याचदा तो बैलच असतो.

शोधायचं कुठे

आधी घर. मग आजोळ, मग गाव. आपल्याकडच्या अनेक गावांत संगमरवरी पाटी असते: या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतके कामी आले. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. अशा गावात जाऊन पारावर बसा, चहा घ्या आणि लगेच पत्रं मागू नका. घरच्या म्हाताऱ्या माणसाला बोलू द्या. ट्रंक उघडली गेलीच तर तिथल्या तिथे मोबाइलवर फोटो काढायची परवानगी विचारा आणि कागद त्यांच्याकडेच राहू द्या. विकत मागणं मला आवडत नाही. स्वतःहून कुणी दिलंच तर आधी घरातल्या सगळ्यांना विचारा. मुंबईतल्या मुलाला न विचारता काकूंनी दिलेली पत्रं मला एकदा परत करावी लागली, आणि तो मुलगा बरोबर होता.

बाजारात पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोरबाजार. पावसाळ्यात जाऊ नका, कागद भिजलेला असतो आणि तो घरच्या खोक्यात बुरशी घेऊन येतो. रद्दीवाल्याशी ओळख ठेवा. त्याला ‘जुनी पत्रं’ सांगून कळत नाही, ‘फौजीच्या ट्रंकेतलं काहीही’ असं सांगा. टपाल तिकीट प्रदर्शनांत डीलर बसतात, तिथे पहिल्या वर्षी फक्त पाहा. ऑनलाइन लिलावात दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो नसतील तर बोली लावू नका. तुमच्या शहरातल्या फिलाटेली क्लबात जाऊन बसा, आणि जरा पुढे गेलात की ब्रिटनमधली ‘इंडिया स्टडी सर्कल’ आणि ‘फोर्सेस पोस्टल हिस्टरी सोसायटी’ या संस्थांचं साहित्य पाहा. शिक्क्यांचे आकडे आणि जागा यांच्या याद्या अशाच मंडळींनी जन्म घालवून तयार केल्या आहेत.

पडताळणी

नाव आणि पलटण मिळाली की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी पाहा. ती ऑनलाइन आहे, फुकट आहे. माणूस परत आला असेल तर तिथे सापडणार नाही, हे लक्षात असू द्या. इंग्रजी स्पेलिंग पाच-सहा तऱ्हांनी टाकून बघा. जाधव कुठल्या रूपात बसले असतील सांगता येत नाही. बसऱ्याच्या स्मारकावर एक गोष्ट मनाला लागते: साध्या हिंदुस्थानी शिपायांची नावं तिथे कोरली नव्हती, पलटणीखाली नुसता आकडा होता. तुमच्या हातातल्या पाकिटावर मात्र त्याचं पूर्ण नाव असतं, बापाच्या नावासकट.

पलटण त्या तारखेला कुठे होती हे युद्धाच्या रोजनिशांतून कळतं. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये त्या आहेत, आणि आपल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’वरही चाळण्यासारखं पुष्कळ आहे.

जपणूक

आपल्या हवेत कागदाचे शत्रू तीन: दमट हवा, कसर आणि हौशी माणूस. तिसरा सर्वांत वाईट. सेलोटेप, स्टेपल, टाचणी, रबरबँड, लॅमिनेशन यांतलं काहीही नको. बाजारातल्या मऊ पीव्हीसीच्या पिशव्या काही वर्षांत चिकट होतात. पॉलिएस्टरच्या, ज्यांना मायलर म्हणतात, त्या घ्या. पत्र उघडून सपाट ठेवा, घडीवर कागद तुटतो. कपाट बाहेरच्या भिंतीला लावू नका, सिलिका जेल ठेवा आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला बदला. डांबरगोळ्या कागदाला टेकू देऊ नका. दिवाळीनंतर कोरड्या दिवशी सगळं बाहेर काढा, सावलीत. उन्हात नाही.

एक विशेष सूचना. खंदकातली कितीतरी पत्रं कॉपिंग पेन्सिलनं लिहिलेली असतात. कोरडी असताना ती साध्या पेन्सिलीसारखी करडी दिसते, पण पाण्याचा थेंब लागला की गडद जांभळी होऊन पसरते. बोरूनं काजळाच्या शाईत लिहिलेलंही पाण्यानं फुटतं. तेव्हा ओल्या फडक्यानं ‘जरा पुसून’ बघू नका. हात धुऊन कोरडे करा, बस्स. स्कॅन एकदाच, चांगल्या दर्जाचा, पाकिटाच्या दोन्ही बाजू आणि पत्राची सगळी पानं.

कायदा

१९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली ऐतिहासिक मोल असलेलं ७५ वर्षांपेक्षा जुनं हस्तलिखित पुरावस्तू ठरू शकतं, आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या भावाला भेट म्हणून कुरिअर करण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारा. अलीकडच्या टपालाबाबत वेगळी काळजी घ्या. ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) असा पत्ता असलेलं आजच्या जवानाचं पत्र, त्यावरचा युनिटचा तपशील, यांचे फोटो इंटरनेटवर टाकू नका. आपलं आर्मी पोस्टल सर्व्हिसचं केंद्र नागपूरजवळ कामठीला आहे, आणि ‘मेल मिलाप’ हे त्यांचं ब्रीद. त्या मिलापात आपण आडवं येऊ नये.

शेवटचं काम रोजचं आहे आणि सगळे टाळतात. प्रत्येक पाकिटासाठी एक वेगळं कार्ड करा आणि मऊ पेन्सिलीनं लिहा: कुठे मिळालं, कधी, कुणाकडून, कितीला, सोबत काय होतं. मी सुरुवातीची सहा वर्षं हे केलं नाही. आता माझ्याकडे एकाच अक्षरातली, ‘डी’ फौजेतली चार पत्रं आहेत, चारही वेगवेगळ्या नावांनी, आणि ती एकाच ट्रंकेतून आली की चार ठिकाणांहून, हे मला आठवत नाही.